काळीज नक्की असतं कुठे?

पावशेर

काल रविवार होता, म्हणजे आमच्याकडे मटण, आणि मटण म्हणजे सकाळी साडेसातला पिशवी घेऊन लाईनीत उभं राहणं आलं. लेक (वय वर्षं नऊ) हट्टाने सोबत आली. माझा नंबर आल्यावर मी नेहमीसारखं सांगितलं की दीड किलो मिक्स, चाप-नळी बघून टाका आणि पावशेर काळीज वेगळं बांधा. तर ही मागून शर्ट ओढतेय, "बाबा, काळीज म्हणजे हार्ट ना? आपण बोकडाचं हार्ट खाणार?" अख्खी लाईन हसली.

दुकानवाले मामा भले माणूस. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, आकड्याला टांगलेला घड खाली घेतला आणि तिला शिकवणीच दिली. हे गुलाबी स्पंजासारखं ते फोफसं, हे मधलं मुठीएवढं, वर पांढरी चरबी असलेलं ते दिल, आणि हे खालचं तपकिरी-लाल चकचकीत पसरट ते काळीज. दिल बोटाने दाबून पण दाखवलं, एकदम घट्ट असतं, काळजात बोट रुततं.

घरी येईपर्यंत पोरगी गप्प. जिन्यात थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आजी मला लिव्हरचा तुकडा म्हणते?"

तेव्हापासून डोकं भणभणतंय माझं. रात्री उशिरा घरचा फोन वाजला की काळजाचा ठोका चुकतो, आता ठोके काय लिव्हरला असतात का? पण मामा तर म्हणतात काळीज म्हणजे कलेजीच, आणि त्यांच्या तीन पिढ्या या धंद्यात आहेत. बरं, मग म्हटलं जाऊदे, आपला खरा शब्द ह्रदय, तर लक्षात आलं की तो शब्द आमच्या घरात कोणी वापरतच नाही. आईचं आतडं तुटतं, वडील म्हणायचे पोटातलं पोटात ठेवायला शिक, शेजारच्या काकूंचा जीव भांड्यात पडतो, मामाला भाचीच्या लग्नात ऊर भरून आला होता. ह्रदय फक्त दोन ठिकाणी दिसतं, लग्नपत्रिकेत नाहीतर टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) फाईलवर. तर जाणकारांनी सांगावं, मराठी माणसाचं काळीज नक्की असतं कुठे?

वेलांटी

धागा झकास, पण आधी माझी सवय भागवून घेते. 'ह्रदय' नाही हो, 'हृदय'. ह ला ऋकार. 'ह्रद' हा संस्कृतात वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ पाण्याचा डोह. ऱ्हासाचा र आणि हृदयाचा ऋ यात गल्लत करू नका.

आता मुद्दा. तुमचे मामा बरोबर आहेत. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत, हिंदीतला कलेजा आणि आपलं काळीज त्याच घरातले. म्हणजे शब्द मुळात लिव्हरचाच, आपण तो चार बोटं वर सरकवून छातीत नेऊन ठेवला. घाबरल्यावर जे धडधडतं ते पण काळीज आणि तव्यावर जे परततो ते पण काळीज. बोलणाऱ्याला कधीच अडचण आली नाही, तुमच्या लेकीला पहिल्यांदा आली.

बुडबुडा

डोह काय वाईट आहे? माझं मत ह्रदयालाच.

वेलांटी

बुडबुडा, तुम्हाला डोह आवडणारच.

जिगरबाज_जांभळे

वेलांटीतै +१. उर्दू-फारशीतला 'जिगर' पण यकृतच की. म्हणजे जिगरी दोस्त म्हणजे यकृतमित्र, हसून हसून पुरेवाट. आमच्या ग्रुपला तर हे फिट्ट बसतं कारण आम्ही कॉलेजपासून दर शनिवारी एकत्र बसून त्याच अवयवावर अत्याचार करतोय.

आणि 'दिल' मराठीत किती खोल शिरलाय ते बघा. दिलासा, दिलदार, दिलजमाई. सगळ्यात भारी म्हणजे दिलगीर. मूळ अर्थ ज्याचं मन खिन्न झालंय, दुःखाने धरलंय असा. आणि हा शब्द रोज कोण म्हणतं, तर लोकलच्या प्लॅटफॉर्मवरची बाई! आठ वाजून चार मिनिटांची स्लो लोकल पंधरा मिनिटं उशिरा धावत आहे, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दिवसातून पन्नास वेळा खिन्न होते बिचारी.

वेलांटी

तसंच 'हार्दिक'. हृदयापासूनचं ते हार्दिक. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर बारा महिने कोणाचं ना कोणाचं हार्दिक अभिनंदन असतं, खाली सदतीस शुभेच्छुक. एवढी हृदयं एका विजेच्या खांबावर.

अजून एक गंमत, मग थांबते. 'श्रद्धा'तला 'श्रत्' हा भाषाशास्त्रज्ञांच्या मते हृदयाचाच फार जुना शब्द. श्रत् ठेवणं म्हणजे काळीज ठेवणं. लॅटिनमधला 'क्रेडो' त्याचाच भाऊ आणि त्यावरून आलं क्रेडिट. म्हणजे श्रद्धा आणि क्रेडिट कार्ड सख्खी चुलत भावंडं.

अकोला_पॅसेंजर

आमच्या वऱ्हाडात ळ चा य होते, आमी कायीज म्हनतो. आमची आजी म्हने, माह्यं कायीज धकधक करून रायलं रे बाप्पा. लिव्हर हाये का हार्ट हाये थे आमाले काय मालूम, माय आठवली का जे हलते थे कायीज.

स्टेथोवाला

पावशेर, बावीस वर्षं ओपीडी करतोय, "डॉक्टर माझं हृदय दुखतंय" म्हणणारा पेशंट एकही आलेला नाही. खरंच एकही नाही. लोक म्हणतात छातीत कळ आली, आवळल्यासारखं होतंय, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, जीव घाबरा होतोय, चमक भरलीय, आणि सगळ्यात लाडकं म्हणजे "गॅस झालाय". आमचं अर्धं काम या शब्दांचं भाषांतर करण्याचं. एक बघितलंय, जो एका बोटाने दाखवतो की बघा इथे, नेमकं इथे टोचतंय, त्याचं बहुतेकदा स्नायूचं नाहीतर बरगडीचं निघतं, आणि जो काही न बोलता छातीच्या मधोमध मूठ ठेवतो त्याला मी खुर्चीवरून उठवून आधी कॉटवर आडवा करतो. (हे वाचून कोणी घरी बोट की मूठ करत बसू नका, दुखतंय तर सरळ ईसीजी काढा.)

बायकांचं आणि शुगरवाल्यांचं तर अजून अवघड. एक मावशी आल्या, म्हणाल्या काही नाही हो, जरा जीव कासावीस होतोय आणि जबडा ठणकतोय, दाताच्या डॉक्टरकडेच चालले होते पण वाटेत तुमचा दवाखाना लागला. ईसीजी काढला तर अटॅक सुरू होता. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या. हृदय स्वतःच्या जागी दुखेलच असं नाही, ते जबड्यात, खांद्यात, पाठीत, वरच्या पोटात कुठेही निरोप पाठवतं. उलट जेवणानंतर जी जळजळ होते तिला इंग्रजीत हार्टबर्न म्हणतात आणि तिचा हृदयाशी काडीचा संबंध नाही, ते पोटातलं ॲसिड वर येतं. म्हणजे इंग्रजांचीही जागा चुकलेलीच आहे, फक्त आपल्यालाच हसू नका.

आणि एक शब्द माझ्या डोक्यात जातो तो म्हणजे 'हार्टफेल'. आपल्याकडे कोणी तडकाफडकी गेलं की हार्टफेल झाला म्हणतात. त्यामुळे मी पेशंटला "हार्ट फेल्युअर आहे" सांगितलं की नातेवाईक तिथेच रडायला लागतात. घरातल्या पाण्याच्या भाषेत सांगतो. पाईप चोंदला तर तो अटॅक, वायरिंग गेलं आणि पंप खटकन थांबला तर तो अरेस्ट, आणि पंप चालू आहे पण जोर कमी पडतोय, पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, पायाला सूज येतेय, दम लागतोय, ते फेल्युअर. त्या पंपावर माणसं गोळ्या आणि पथ्य सांभाळून वर्षानुवर्षं काढतात.

कडीपत्ता

डॉक, खरंच डावीकडे असतं का ते?

स्टेथोवाला

मधल्या हाडाच्या मागे, टोक डावीकडे झुकलेलं. सिनेमातला हिरो जिथे हात ठेवतो तिथे बरंचसं फुप्फुस आहे.

माडाच्या_बुडात

गोव्यातून. आमच्याकडे हा प्रश्नच नाही, कोंकणीत हार्ट म्हणजे काळीजच. आमचे शेजारी ख्रिस्ती, त्यांच्या हॉलमध्ये दारासमोरच येशूची तसबीर, छातीवर उघडं लालबुंद काळीज, भोवती काट्यांचं वेढं आणि वर ज्वाळा. खाली एक छोटा लाल बल्ब, तो रात्रंदिवस चालू. त्याला म्हणतात जेजूचें पवित्र काळीज, जून महिना त्याच्या भक्तीचा. लहानपणी मला त्या फोटोची भीती वाटायची कारण आपल्याकडे देवाचं आतलं काही दिसत नाही, आणि मारुती छाती फाडून दाखवतो तरी आत रामसीताच दिसतात, अवयव नाही दिसत. तर शेजारची आंटी मला म्हणायची, भियू नाका बाय, तें मोगाचें काळीज. मोग म्हणजे प्रेम.

विषुववृत्त

अरे हा धागा माझ्यासाठीच निघालाय. जकार्तात अकरा वर्षं झाली. इथल्या भाषेत 'हाती' म्हणजे यकृत, मटणाच्या दुकानातलं (इथे कोंबडीचंच जास्त) आणि मनातलं पण. मन दुखावलं तर 'साकित हाती', शब्दशः यकृत आजारी. प्रेमात पडणं म्हणजे 'जातुह हाती', यकृत पडलं. मी नवीन होतो तेव्हा ऑफिसातली एक मुलगी साकित हाती झालीय कळल्यावर मी काविळीचं पथ्य सांगायला गेलो होतो.

पण खरी गंमत पुढे. रस्त्याचं काम चालू असलं की बोर्ड असतो, 'हाती-हाती'. अर्थ काय, तर सांभाळून, जपून जा. म्हणजे यकृत यकृत म्हटलं की काळजी घ्या! आता आपल्याकडे बघा, काळीज आणि काळजी. माझ्या मते आपलाही शब्द तसाच निघालाय, काळजातून. आई फोन ठेवताना "काळजी घे रे" म्हणते तेव्हा मला तो पिवळा बोर्ड दिसतो.

पावशेर

विषुववृत्त, साष्टांग नमस्कार. हे लेकीला सांगितलं, आता ती जिना उतरताना हाती-हाती करतेय.

सत्तीवर_अठ्ठी

सगळे अवयव झाले पण आकार राहिला. इंग्रज ज्याला हार्ट म्हणतात त्याला आपण पत्त्यात काय म्हणतो? बदाम! इस्पिक, किलवर, चौकट, बदाम. कोणाच्या तरी आजोबांनी ते लाल चित्र पाहिलं आणि त्यांना त्यात हृदय नाही, सुकामेवा दिसला. आणि खरं सांगायचं तर दुकानातल्या मामांनी दाखवलेलं दिल त्या चित्रासारखं अजिबात दिसत नाही, बदामच जास्त जवळचा वाटतो. मे महिन्यात आम्ही दुपारभर बदाम सात खेळायचो, ज्याच्याकडे बदामाची सत्ती त्याची पहिली उतारी, आणि आत्या हमखास अठ्ठी दाबून बसायची. बदाम राजा नीट बघा कधी, चौघांत त्या एकट्यालाच मिशी नाही आणि तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी धरलीय.

त्यामुळे आपल्याकडे प्रेमात पडलेली पोरं काय काढतात, तर बदामात बाण. कुठल्याही गडावर जा, शे-तीनशे वर्षांच्या चुन्यावर खिळ्याने कोरलेला बदाम आणि आत दोन अक्षरं. संताप येतो, त्या दोघांचं लग्न तरी झालं असेल की नाही देव जाणे. पण माझ्या आजोबांच्या दंडावर पण होता एक, जत्रेत गोंदवून घेतलेला, बाण आरपार आणि खाली आजीचं नाव. म्हातारपणी कातडी सैल पडली तसा तो बदाम ओघळून लांबट झाला, अगदी खायच्या बदामासारखा. आजी त्यांना आंघोळ घालायची तेव्हा तेवढी जागा जरा जास्तच जोरात घासायची, म्हणायची मेलं जातही नाही. घासून कसं जाणार होतं ते.

कडीपत्ता

सत्ती, शेवटचं वाचून घशाशी आलं काहीतरी. हा पण एक अवयव राहिला बघा, कंठ. कंठ दाटतो.

घोकंपट्टी

आणि पाठांतराचं? इंग्रज बाय हार्ट करतात, आपण तोंडपाठ. त्यांचं हृदयात राहतं, आपलं तोंडात नाहीतर कंठात. पाढे तोंडाने म्हणताना चुकले की छडी मात्र हातावर.

परळकर

थोडं गंभीर, चालेल ना? हृदयाबद्दल बोलतोय तर आमच्या परळचं नाव यायला हवं. जगातलं पहिलं हृदयरोपण डॉ. बर्नार्ड यांनी केप टाऊनला केलं, ३ डिसेंबर १९६७. तो पेशंट १८ दिवस जगला. आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत, परळच्याच केईएम हॉस्पिटलात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईत करून बघितलं. पेशंट काही तासांतच गेला. पण विचार करा, ६८ सालची मुंबई. नंतर भारतात यशस्वी रोपण व्हायला १९९४ साल उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं, अवयवदानाचा कायदाही त्याच वर्षीचा. मधे सव्वीस वर्षं गेली.

माझे वडील तेव्हा लालबागला चाळीत राहायचे. ते सांगायचे की चाळीच्या गॅलरीत आठवडाभर एकच वाद चालला होता, दुसऱ्याचं काळीज बसवल्यावर माणूस बायकोला ओळखेल का. एक म्हातारे ठाम होते की ज्याचं काळीज त्याच्या बायकोला ओळखेल.

जिगरबाज_जांभळे

डॉक, सांगाच आता. नवीन हृदयाने जुन्या बायकोवर प्रेम होतं का?

स्टेथोवाला

होतं हो, ते खातं मेंदूकडे आहे. पण चाळीतले लोक अगदीच वेडे नव्हते. हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात आणि बसवताना फक्त रक्तवाहिन्या शिवतात, नसा नाही. तरी ते चालतं, कारण ठोक्याची ठिणगी हृदयाच्या स्वतःच्याच एका कोपऱ्यात असते. पण मेंदूचा लगाम सुटलेला असतो म्हणून बसवलेलं हृदय स्वस्थ बसलं असतानाही जरा जोरातच पळतं, नव्वद-शंभरच्या आसपास. आणि हे पावशेर यांच्यासाठी, अशा माणसाला कोणी दचकवलं तर त्याच्या काळजाचा ठोका लगेच चुकत नाही. मेंदू घाबरतो, मग अड्रेनलिन रक्तातून हळूहळू तिथे पोचतं, तेव्हा कुठे धडधड वाढते. भीती आधी, धडधड नंतर, टपालाने. काही जणांमध्ये वर्षांनी थोड्या नसा परत फुटतात.

उलटंही असतं. कोणी जवळचं गेलं की त्या धक्क्याने हृदयाचा खालचा भाग फुगून लुळा पडतो, अगदी अटॅकसारखी लक्षणं, पण अँजिओग्राफीत नळ्या मोकळ्या. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलं, फुगलेला आकार त्यांच्याकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून नाव ताकोत्सुबो. पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. तेव्हा "खचली हो ती" हे नुसतं बोलणं नसतं.

चौथा_कप्पा

नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. धागा हसत हसत वाचत होते पण पावशेर यांनी विचारलं काळीज कुठे असतं, तर मला ते एकदा कागदावर काढून दाखवलं गेलंय.

मुलगा अडीच वर्षांचा होता. अंगणवाडीत शाळा-तपासणीवाली डॉक्टरांची टीम आली होती. सगळ्या पोरांच्या छातीला नळी लावून पुढे ढकलत होते, याच्यापाशी मॅडम थांबल्या. परत लावली. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी लावली. मी खिडकीतून बघत होते. कोणी काही बोललं नाही पण तेवढ्यात माझ्या पोटात धस्स झालं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात इको झाला आणि तिथल्या सरांनी केसपेपरच्या मागे चौकोन काढला, त्याच्या चार खोल्या केल्या, म्हणाले ताई हे घर समजा, वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक आहे. काळजाला घरं पडणं हे मी आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. घरं म्हणजे भोकंच ना. आणि हा माणूस शांतपणे घरच काढून भोक दाखवत होता. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, साडीच्या घडीत.

लहान भोक आपोआप बुजतं म्हणून वाट बघायला सांगितली. बुजलं नाही. पाचव्या वर्षी मांडीच्या शिरेतून तार घालून आत छत्री बसवली, सगळे छत्रीच म्हणतात, आत गेल्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना उघडते. छातीला एक टाकाही नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, पोहे आहेत का.

नंतर कितीतरी रात्री तो झोपला की मी छातीला कान लावून बसायचे. डॉक्टरांना आधी ऐकू यायचा तो आवाज मला कधीच ऐकू आला नव्हता, तरी तो गेला का ते ऐकत बसायचे. आता अकरा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, गुडघे फोडून येतो. आमच्या सासूबाई पावसात भिजून आला की ओरडतात, काळजात छत्री आहे आणि डोक्यावर नाही घेता येत?

कडीपत्ता

ताई, सासूबाईंना दंडवत.

अकोला_पॅसेंजर

पोराले आमच्याकून एक गदागदा मिठी.

स्टेथोवाला

चौथा कप्पा, त्या अंगणवाडीतल्या मॅडम दुसऱ्यांदा नळी लावायला थांबल्या ना, त्यांना सलाम. रांगेत सत्तर पोरं रडत असताना तो आवाज पकडणं सोपं नसतं.

पावशेर

ताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, डोळे पुसून आत गेली आणि भाकऱ्या थापायला लागली. लेकीने तिला लिव्हरचं परत विचारलं तर म्हणाली, जे काय असेल ते, तू जेव आधी.

जाता जाता, आमच्याकडे मटण शिजेपर्यंत काळीज आधी वेगळं परततात आणि पोरांच्या ताटलीत वाढतात. काल पण तसंच. लेक म्हणाली होती खाणार नाही. चार तुकडे खाल्ले.

वेलांटी

पावशेर, कसं करता ते सांगा की. माझं दरवेळी वातड होतं.

पावशेर

लोखंडी तवा चांगला तापवा, तेल, ठेचलेला लसूण, हळद, थोडं तिखट, मग तुकडे. मीठ अगदी शेवटी. आणि झाकण ठेवून विसरून जाऊ नका, पाच-सात मिनिटं बास. जास्त झालं की काळीज दगड होतं.